लेकरं दुबळी असताना खेळायची जागा कशाला?

प्रश्न असा आला आहे. बालाघाटाच्या डोंगरातलं, दीडेक हजार वस्तीचं गाव. निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. ग्रामपंचायतीकडे महिला-बालकल्याणाचे थोडे पैसे पडून आहेत आणि अंगणवाडीच्या मागे गायरानाचा तुकडा मोकळा आहे. तिथं लेकरांना खेळायला जागा करावी, असं तरुण सरपंचताईंच्या मनात आहे. सदस्य म्हणतात, "लेकरं आधीच दुबळी, त्यांना खाऊ घाला. खेळून काय पोट भरतंय?" त्यातल्या दोघांचं म्हणणं ओपन जिम बसवा. ताई विचारतात, खेळाच्या जागेनं दुबळ्या लेकरांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का? पडत असेल तर ती कशी करावी?

ताई, मी १९९३ पासून या कामात आहे. आधी बालवाडीत मदतनीस होते, मग अंगणवाडी सेविका झाले, पुढं मुख्यसेविका म्हणून बीड आणि लातूरकडच्या गावांत फिरले. फरक पडतो, हे मी स्वतः पाहून सांगते. पण त्या झोपाळ्याजवळ रोज ठरल्या वेळी कोण बसतं, यावर सगळं अवलंबून असतं. खरेदीच्या यादीत हे माणूस नसतं, म्हणून बहुतेक गावांत जागा होते, तिचं उद्घाटन होतं आणि सहा महिन्यांत तिथं शेळ्या बांधलेल्या दिसतात.

आधी सदस्यांच्या शंकेकडं येते, कारण ती खोटी नाही. पोटात नसेल तर लेकरू खेळणार नाही, हे बरोबरच आहे. सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित लेकरू, ज्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आहे, ते ओळखायला टेप लागते. पण त्याआधी नजरेला दिसतं की हे लेकरू एका जागी बसून आहे. शरीर जेवढं मिळतंय तेवढ्यात भागवतं, आणि सगळ्यात आधी काटकसर करतं ती हालचालीत. म्हणून घरातल्यांना वाटतं, गुणाचं आहे, त्रास देत नाही. माझ्या कानाला "आमचं लेकरू लई शांत आहे" हे वाक्य नेहमी धोक्याचं वाटतं.

एका वस्तीवरची दोन वर्षांची पोरगी आठवते. आईबाप कारखान्यावर, पोरगी आजीजवळ. अंगणवाडीत बाल विकास केंद्र सुरू केलं होतं, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला द्यायचो, औषधं चालू होती. ती भिंतीला टेकून बसायची. ओठावर माशी बसली तरी हात उचलायची नाही. वाटी पुढं केली की तोंड फिरवायची. तीन दिवस असेच गेले. शेजारची सात वर्षांची एक पोर तिथं रोज यायची. तिनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत हरभऱ्याचे चार दाणे टाकले, बूच घट्ट लावलं आणि त्या पोरीच्या कानाजवळ खुळखुळवत बसली. कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी पोरीनं बाटलीकडं हात केला. सातव्या दिवशी ती बाटलीमागं बुडानं सरकत गेली, दमली, आणि आजीनं त्याच वेळी वाटी पुढं केली तर निम्मी संपवली. आजी रडायला लागली. त्यात औषधाचा आणि खाण्याचा वाटा मोठा होता, हे मी आजही सांगते. पण तोवर तेच खाणं पुढं ठेवलं जात होतं आणि ती घेत नव्हती.

हा माझ्या एकटीचा समज नाही. तीव्र कुपोषित लेकरांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १० पायऱ्या ठरवल्या आहेत. साखर कमी होणं, अंग थंड पडणं, जंतुसंसर्ग, आहार असं सगळं त्यात आहे, आणि ९ वी पायरी आहे ती लेकराला माया आणि खेळ देण्याची. रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळवायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात खेळण्यांचा कोपरा दिसतो तो यामुळं. सदस्यांना आणखी एक उदाहरण सांगा. जमैका नावाच्या गरीब बेटावर, किंग्स्टन शहरात, १९८०च्या दशकात वाढ खुंटलेली १२९ लेकरं घेतली. काहींना दोन वर्षं दुधाची जादा पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाऊन आईला लेकराशी कसं खेळायचं ते दाखवायची, तेही घरी बनवलेल्या खेळण्यांनी. काहींना दोन्ही दिलं आणि काहींना दोन्हीही नाही. दोन वर्षांनी बुद्धीच्या वाढीत दोन्ही गोष्टींचा फायदा दिसला, आणि दोन्ही मिळालेल्यांत सगळ्यात जास्त. २० वर्षांनी तीच माणसं शोधून काढली, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसती पावडर मिळालेल्यांत तेवढा फरक टिकला नव्हता. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के लेकरं खुजी आणि ६८.९ टक्के रक्तक्षय असलेली निघाली. म्हणजे ही गोष्ट आपल्याच लेकरांची आहे.

तेव्हा 'आधी खाणं की आधी खेळ' हा वाद मिटवा. दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी. फक्त एक पथ्य पाळा. ताप, पायावर सूज, जुलाब किंवा धाप असेल तर त्या लेकराला खेळायला नको, आधी दवाखान्यात.

अंगानं बऱ्या लेकरांचं तर सरळ आहे. तीन-चार वर्षांच्या लेकरानं दिवसातून सगळं मिळून तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास धावपळीचा, आणि पाचच्या पुढच्यांनी रोज किमान एक तास चांगलं दमावं, असं मोजमाप आहे. आपली लेकरं पूर्वी एवढं सहज करायची. आता आजीच्या हातात मोबाइल आणि लेकरू मोबाइलपाशी. आजीची चूक नाही. तिचे गुडघे दुखतात, दारात रस्ता आहे, ट्रॅक्टर भरधाव जातात.

आता मला ज्या गोष्टीचं सगळ्यात मोल वाटतं ती सांगते. खेळायची जागा ही गावाची तपासणीची जागा असते. घरात कॉटवर बसलेल्या लेकराचा आजार दिसत नाही, धावताना दिसतो. एका तांड्यावर शिवाशिवी चालली होती. सहा वर्षांचा एक पोरगा दहा पावलं पळायचा की गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसायचा, मग पुन्हा उठायचा. पोरांना वाटायचं हा सारखं टाइमप्लीज घेतो, म्हणून त्याला खेळातून काढलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं तर ओठ आणि नखं जांभळट. जन्मतः हृदयात दोष असलेली काही लेकरं दम लागला की अशीच उकिडवी बसतात, कारण तसं बसल्यानं त्यांना बरं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं. या कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या लेकरांची तपासणी होते आणि पुढची शस्त्रक्रियाही मोफत होते. त्या पोराचं ऑपरेशन झालं. शाळेच्या तपासणीत तो सुटला होता, कारण पथक आलं त्या दिवशी तो गावात नव्हता.

असंच दिवस मावळताना जे लेकरू दगडाला ठेचकाळायला लागतं, त्याला रातांधळेपणा आहे का पाहावं, अ जीवनसत्त्व कमी असतं. मागून हाक मारली की वळत नाही, त्याचा कान पाहावा. माती उचलून खातं, त्याचं रक्त तपासावं. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. त्याच लेकरांना रोज पाहणारी बाई लागते, कारण काल कसं होतं ते तिला माहीत असतं.

मनाचंही तब्येतीतच मोजते मी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी नवखी होते. पत्र्याच्या शेडमध्ये लेकरांना जमवायचं काम होतं. आम्ही गाणी घ्यायचो, पण लेकरं एकच खेळ मागायची. दगडांचं घर रचायचं, 'हाललं, हाललं' म्हणून पाडायचं आणि खालून बाहुली काढायची. बाहुली म्हणजे चिंधी. मला ते बघवायचं नाही. मी दगड उचलून ठेवले. आमच्याबरोबर असलेल्या एका मोठ्या बाईंनी ते परत आणून दिले आणि म्हणाल्या, "खेळू दे, फक्त जवळ बसून राहा." काही दिवसांनी एका पोरीनं बाहुली जिवंत काढली, तिला पाणी पाजलं. मग हळूहळू लेकरं दुसऱ्या खेळाकडं वळली. काही महिने तेच घर पाडत राहिली तीही होती, त्यांना पुढं डॉक्टरांकडं न्यावं लागलं. ज्या घरात बापानं फास घेतला आहे, ज्या घरातून आईबाप सहा महिन्यांसाठी गेले आहेत, तिथली लेकरं तोंडानं काही सांगत नाहीत. रात्री अंथरूण ओलं करतात, पोट दुखतं म्हणतात, शाळेत मारामारी करतात. त्यांच्याजवळ बसायला जागा आणि वेळ ठरलेली हवी.

तुमच्या गावात एक पोरगी मुद्दाम बघा. आठ-नऊ वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ. ती मैदानाच्या कडेला उभी राहते, खेळ बघते, खेळत नाही, कारण भाऊ खाली ठेवला की रडतो. ती जागा तिच्यासाठी नसेल तर सगळ्यात गरज असलेल्या दोघांना तुम्ही बाहेर ठेवलं. लिंबाच्या फांदीला दोन झोळ्या बांधा, खाली सतरंजी. तिचा भाऊ तासभर बाईजवळ राहू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात हेच ओळखलं होतं. धाकटं भावंड सांभाळणारी पोर शाळेत येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणली. गुराख्यांच्या लेकरांसाठी कुरणातच शाळा नेली. 'अंगणवाडी' हा शब्दही त्यांच्याच कामातून आला.

आता करायचं कसं. यात मी जास्त सांगणार आहे, कारण इथंच चुकतं.

एका गावात रंगीत लोखंडी घसरगुंडी बसवली, तोंड पश्चिमेला, वर सावली नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. दुपारी चारला एक लेकरू बसलं आणि मांडीचं कातडं निघालं. त्यानंतर आयांनी लेकरं पाठवणं बंद केलं. म्हणून आधी झाड, मग खेळणी. झाड नसेल तर लिंब, करंज लावा आणि ती वाढेपर्यंत शेडनेट बांधा. उन्हाळ्यात सकाळी ७ ते ९ आणि सायंकाळी साडेपाचनंतर, मधे जागा बंद. पाण्याचा माठ भरलेला हवा.

काळ्या मातीवर तसंच काही करू नका. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात पाय अडकतील अशा भेगा. मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्या, उतार एका बाजूला द्या. झोपाळा आणि चढायच्या दोरीखाली मात्र मुरूम नको, वीतभराहून जास्त खोल, साधारण ३० सेंटिमीटर वाळू टाका, म्हणजे पडलं तरी हाड वाचेल. ती वाळू आठवड्यातून एकदा खालीवर करायची.

ट्रॅक्टरचे जुने टायर फुकट मिळतात आणि लेकरांना फार आवडतात. पण प्रत्येक टायरला खालून तीन-चार भोकं पाडा. टायरमध्ये साचलेल्या वाटीभर पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. विटा-दगडांचा ढीग कोपऱ्यात ठेवू नका, विंचू येतात.

मातीची स्वच्छता हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. रांगणारं लेकरू हात तोंडात घालतं. त्या मातीत कुत्र्या-डुकरांची घाण असेल तर खेळातून जुलाब आणि जंत मिळतील, आतडं खराब होईल, खाल्लेलं अंगी लागणार नाही. मग सदस्यांचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून कुंपण, भले ते तुराट्यांचं असो. बाभळीचे काटे लेकरांच्या बाजूला नकोत. दाराशी नळ किंवा बादली आणि साबण. खेळून झालं की हात धुवायचे, मगच खाऊ. पायात चप्पल, कारण आकडीजंत तळपायाच्या कातडीतून आत जातो आणि रक्त कमी करतो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाची गोळी इथंच, सगळ्यांसमोर द्या.

खेळणी विकत कमी आणा. लगोरीला फरश्यांचे तुकडे, गजगे, चिंचोके, जुन्या साडीचे दोर, वाळू आणि वाट्या, वेगवेगळ्या उंचीचे लाकडी ओंडके. ज्या लेकराचे हातपाय नीट चालत नाहीत, त्याच्यासाठी वाळूचा हौद कमरेएवढ्या उंचीचा एक करा, खुर्चीवर बसून हात घालता येईल असा, आणि दारापासून तिथपर्यंत वाट सपाट ठेवा. आंधळं किंवा मतिमंद लेकरू आलं तर खेळाचा नियम बदलायला मोठ्या पोरांना सांगा, ती फार चांगला बदलतात.

तुमचा तुकडा अंगणवाडीमागं आहे म्हणता. ती अंगणवाडी कुणाच्या आळीत आहे? हे मी स्पष्ट विचारते, कारण मंदिराच्या पारासमोर केलेल्या जागेत दलित वस्तीतलं लेकरू कुंपणाबाहेर थांबलेलं मी पाहिलं आहे, आणि पारध्यांच्या पालावरचं तर तिथवरही आलं नव्हतं. कुणी हाकललं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः त्या वस्त्यांवर जाऊन लेकरांना हाताला धरून आणा. सरपंचानं हात धरलेला गावानं बघितला पाहिजे.

आणि बसायचं कुणी? सेविकाताईंवर हे टाकू नका. वजनं, मोबाइलवरची नोंद, आहार, गृहभेटी, त्यांचा दिवस भरलेला आहे. गावात कुणी एकटी बाई असेल, लेकरांत रमणारी, ऊसतोडीला न जाणारी. तिला रोज सायंकाळी दोन तासांचं मानधन द्या, तिची दखल ग्रामसभेत घ्या. वहीत तिनं तीनच गोष्टी लिहायच्या: आज कोण आलं, कोण नेहमी येतं पण आलं नाही, कोण कडेला बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या घरी आशाताई किंवा ती स्वतः जाऊन येईल. पाच वर्षांखालच्या लेकरांचा दंड महिन्यातून एकदा तिथंच मोजायचा. बारा-तेरा वर्षांच्या पोरी मैदानावरून कधी दिसेनाशा होतात तेही तिला सगळ्यात आधी कळेल. त्यांना आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, खो-खो किंवा लंगडी, काहीही. पोरगी खेळायला येणं बंद झालं की घरात स्थळ बघणं चालू झालं असावं, हे मी अनेकदा खरं झालेलं पाहिलं आहे.

जी लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात त्यांचा प्रश्न तुमच्या जागेनं सुटत नाही. पहाटे अंधारात आई कोयता घेऊन निघते, लेकरू बांधावर चिंधीत झोपवलेलं, आणि उसाच्या गाड्या मागंपुढं होत असतात. अपघात होतात. मुकादमाशी बोलताना कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर दोरी बांधलेली एक जागा, एक झोळी आणि एक सांभाळणारी बाई मागा. बांधकामाच्या साइटवर पाळणाघरं चालवण्याचं काम मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलं. मजुराचं काम फिरतं असलं तरी लेकरांची जागा त्याच्या मागं नेता येते, हे तिथं दिसलं आहे. जाणाऱ्या लेकरांची लसीकरणाची कार्डं आणि दंडाचा शेवटचा आकडा आईच्या पिशवीत दिला का, एवढं तरी बघा.

ओपन जिमबद्दल: ती मोठ्यांची यंत्रं आहेत. लहान लेकरांची बोटं त्यात सापडतात. नको.

पैशांचं ग्रामसेवकांशी बोला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात, त्यातून बाईचं मानधन आणि वाळू निघेल. मुरूम आणि सपाटीकरणाला लोकवर्गणी किंवा श्रमदान. गावात ट्रॅक्टर असलेली चार घरं तरी असतील. यंत्रासारखी महागडी खेळणी पहिल्या वर्षी घेऊच नका. कोणती लेकरं येतात, काय खेळतात ते बघून पुढच्या वर्षी ठरवा.

एक वेळ मात्र सांभाळा. दसऱ्यानंतर गाड्या हलतील. त्याआधी किमान महिनाभर जागा सुरू झालेली हवी, आईबाप गावात असताना. लेकरू आईच्या बोटाला धरून तिथं आलेलं असलं, त्या बाईच्या मांडीवर आईच्या देखत बसलेलं असलं, तर आई गेल्यावर ते तिच्याकडं जातं. नंतर सुरू केलीत तर पहिले दोन महिने लेकरांच्या नुसत्या रडण्यात जातात. पाऊस उघडला की मुरूम टाकून घ्या. जायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या लेकरांचे दंड मोजा, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास लोक परतले की पुन्हा मोजा. ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून सदस्यांपुढं ठेवा.